मेळ बसला का?

काल रात्री छापखान्याच्या गल्ल्यात ३४० रुपये कमी भरले.

नऊ वाजून गेले होते. शटर अर्धं ओढलेलं, मशीन बंद, गोंद लावलेली बिलबुकं वजनाखाली वाळत ठेवलेली आणि मी स्टुलावर बसून नोटा मोजतोय. सकाळची शिल्लक २,०००. दिवसभरात रोख आले ६,४५०, रोख गेले १,८१०. म्हणजे हातात ६,६४० हवेत. होते ६,३००. पुन्हा मोजले. तेवढेच.

अशा वेळी मी दिवस उलटा फिरवतो. शेवटचं गिऱ्हाईक कोण, त्याच्या आधी कोण, चहा कितीदा आला. दुपारी दोनला मकरपुऱ्याला माल घेऊन टेम्पो गेला होता. त्याचे २५० मीच काढून दिले आणि लिहायचे राहिले, कारण त्याच वेळी फोनवर एक बाई कंकोतरीतल्या, म्हणजे गुजराती लग्नपत्रिकेतल्या, काका-मामांचा क्रम तिसऱ्यांदा बदलत होत्या. ते सापडले. राहिले ९०. नव्वद रुपये काही केल्या आठवेनात. शेवटी ‘उचंत’, म्हणजे कारण न सापडलेली रक्कम, असं लिहिलं, रेघ मारली आणि घरी गेलो.

नव्वद रुपयांसाठी माणूस पंचवीस मिनिटं डोकं खाजवतो, हे दोन वर्षांपूर्वी कुणी मला सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आमचा छापखाना बडोद्याच्या रावपुऱ्यात आहे. छापखाना म्हणजे आता एक छोटं ऑफसेट, स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल, कटिंग मशीन आणि नंबरिंग, एवढंच. मोठं रंगीत काम बाहेरून करून आणतो. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या वेळी ट्रेडल हे जुनं छपाई मशीन होतं आणि अक्षरांचे खिळे जुळवणारे दोन कंपोझिटर, एक मराठीचा, एक गुजरातीचा. बडोद्यात दोन्ही लागायचे. दांडिया बाजारातल्या मंडळींची लग्नपत्रिका मराठीत, बाकीच्यांची कंकोतरी गुजरातीत, आणि बिलबुकात दोन्हींच्या जोडीला इंग्रजी.

अण्णांची कीर्द, म्हणजे रोजचा जमाखर्च लिहिणं, हा आमच्या घरचा एक विधी होता. संध्याकाळी मशीन थांबलं की ते आधी रॉकेलने हाताची शाई काढायचे, मग साबणाने हात धुवायचे, आणि मगच लाल कापडी बांधणीचा तो लांबडा चोपडा उघडायचे. तरी अंगठ्याची शाई राहायचीच. जुन्या चोपड्यांत पानोपानी कोपऱ्यावर त्यांचा अंगठा उमटलेला आहे, आणि चाळीस वर्षांनीही पान नाकाशी नेलं की रॉकेलचा वास येतो असं मला वाटतं. बायको म्हणते, नुसता झुरळांचा येतो.

त्या पानांवर छापील रेघा नसायच्या. कागदाला उभ्या घड्या घातलेल्या, त्या घड्या म्हणजेच रकाने. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पहिल्या ओळीत आदल्या दिवसाची शिल्लक, शेवटच्या ओळीत आजची. पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दीचं नाव आम्ही शाळेच्या इतिहासात ऐकलं, तेव्हा मला वाटलं होतं की पेशव्यांच्या फडातही कुणीतरी रॉकेलने हात धूत असणार.

दर शनिवारी दुपारी आमचे हिशेबनीस मेहताजी यायचे. ते कीर्दीवरून खतावणी करायचे, म्हणजे ज्याची रक्कम त्याच्या खात्यात नेऊन टाकायची. सेव-उसळ मागवली जायची, पण मेळ बसल्याशिवाय ते वाटीला हात लावत नसत. माझा पुढे वाद झाला तो त्यांच्याशीच. मी एम. एस. युनिव्हर्सिटीत कॉमर्सला होतो आणि पैसे देणाऱ्याचं खातं उजवीकडे क्रेडिट करायचं हे नुकतंच शिकलो होतो. मेहताजींच्या खतावणीत तेच डावीकडे. मी म्हटलं, हे उलटं आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “तमारी कॉलेज ऊंधी छे.” म्हणजे उलटं आहे ते तुमचं कॉलेज. वर पुन्हा, “लखी लो ने भाई, पछी याद नहीं रहे.” हे वाक्य ते कुठल्याही प्रसंगी म्हणायचे, अगदी लग्नाची तारीख सांगितली तरी.

त्यांना मी एकदाच खरोखर चिडलेलं पाहिलं, १९८९ च्या मार्चमध्ये. तोवर आयकरासाठी व्यापाऱ्याला आपलं वर्ष आपण निवडता यायचं, आणि बडोद्यातल्या बहुतेक पेढ्यांसारखं अण्णांचंही वर्ष दिवाळी ते दिवाळी होतं. १ एप्रिल १९८९ पासून सगळ्यांना एप्रिल ते मार्च सक्तीचं झालं. त्यामुळे १९८७ च्या दिवाळीला उघडलेलं वर्ष थेट मार्च १९८९ ला मिटलं. सतरा महिन्यांचं वर्ष! मी तेव्हा पाचवी-सहावीत होतो. पूजा नाही, दिवा नाही, फटाका नाही, आणि भर उन्हाळ्याच्या तोंडाला वह्या बंद करायच्या? मेहताजी दिवसभर पुटपुटत होते. अण्णांनी त्यावर तोडगा काढला तो आजही चालू आहे: हिशेब मार्चला मिटवायचा, पूजा दिवाळीलाच करायची. म्हणजे आमच्या दुकानाला तीन नवी वर्षं आहेत. गुढीपाडवा घरचा, १ एप्रिल सरकारचा आणि बेसतुं वरस, म्हणजे दिवाळीचा पाडवा, गल्लीचं. दुकान पुन्हा उघडतं ते लाभपंचमीला. हल्ली चोपडापूजनात लॅपटॉप ठेवतो, त्याच्या झाकणाला कुंकू लावतो; पण शेजारी एक कोरी लाल वही हवीच, आणि तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’चा मनोरा अण्णाच काढतात. एक श्री, खाली दोन, खाली तीन. हात थरथरतो, मनोरा कलतो, पण दुसऱ्या कुणी काढलेला चालत नाही.

अण्णा निवृत्त झाले ते जीएसटीच्या वर्षी. १ जुलै २०१७. छापखानावाल्यांना ती तारीख दुसऱ्या कुणापेक्षा जास्त लक्षात आहे. एका रात्रीत शहरातलं प्रत्येक बिलबुक रद्दी झालं होतं. नवा पंधरा अक्षरांचा नंबर, एचएसएनचा, म्हणजे मालाच्या कोडचा रकाना, सीजीएसटी-एसजीएसटीचे, म्हणजे केंद्राच्या आणि राज्याच्या कराचे वेगळे रकाने. मालाच्या बिलाच्या तीन प्रती: मूळ गिऱ्हाइकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याकडे. पांढरा, गुलाबी, पिवळा. जून-जुलैत आम्ही रात्री बारापर्यंत बिलबुकं छापली. लोक शटरखालून वाकून आत येत होते. आणि या सगळ्या धामधुमीत आमचं स्वतःचं एकही बिल वेळेवर फाडलं गेलं नाही. गावाची बिलबुकं छापणाऱ्याच्या घरी कोरं बिलबुक. तिथून माझी घसरगुंडी सुरू झाली.

मी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं आणि मला वाटलं, झालं. आता कीर्द कशाला? कधीही बसलं की एंट्री मारता येते. याच ‘कधीही’नं घात केला. अण्णांच्या चोपड्यात मंगळवार लिहायचा राहिला तर बुधवार लिहिता येत नसे, कारण शिल्लकच पुढे नेता येत नसे. बांधलेली वही, पान मध्ये घुसवता येत नाही. टॅलीत मी दहा तारखेच्या रात्री बसून एक तारखेचा दिवस लिहू शकत होतो, तोही आठवेल तसा. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून एंट्रीतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं झालं. आम्ही कंपनी नाही, त्यामुळे आमच्यावर तेवढाही धाक नव्हता.

दर महिन्याला अकरा तारखेपर्यंत विक्रीचं रिटर्न, वीसपर्यंत कराचं. नऊ तारखेला आमच्या सीए बेनचा फोन यायचा, “भाई, बिल मोकलो,” बिलं पाठवा. मग मी सोनपापडीच्या पत्र्याच्या डब्यात साठवलेली बिलं बाहेर काढायचो. हाताला लागतील ती जायची, न लागलेली डब्याच्या तळाशी राहायची. त्यात क्यूआर कोड माझ्या बचत खात्याला जोडलेला. गिऱ्हाइकाचे पैसे त्यात, दुधाचं बिल त्यातून, मुलीची फी त्यातून, ऑफसेटच्या प्लेटचे पैसेही त्यातून. एकदा एका कारखान्याचे १४,००० आले की नाही हे शोधायला मी रात्री अकराला पासबुक घेऊन बसलो होतो. बायको म्हणाली, “अहो, दूध आणि शाई एकाच भांड्यात ओतताय, आणि मग दूध काळं का म्हणून शोधत बसताय.” तिला हिशेबाचं काही कळत नाही असं मी समजत होतो.

डिसेंबर २०२३ मध्ये त्या डब्याच्या तळाशी कागदाची चार बिलं मिळाली. आदल्या आर्थिक वर्षातली, २०२२-२३ ची. प्रत्येकी ६६,००० चा मॅपलिथो, १२ टक्क्यांनी कर ७,९२०. चार बिलांचा मिळून ३१,६८०. एवढा कर मी व्यापाऱ्याला दिलेला होता आणि तो माझ्या करातून वजा व्हायला हवा होता. बेनना फोटो पाठवले. त्यांचा फोन आला. “भाई, आ चार बिल क्यां हतां?” ही होती कुठे?

घडलं होतं असं: व्यापाऱ्याच्या माणसानं ती बिलं आमच्याच नावासारख्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबरावर चढवली होती. त्यामुळे आमच्या २-बीमध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी आमच्या नंबरावर चढवलेल्या बिलांच्या जीएसटीच्या यादीत, ती दिसलीच नाहीत, आणि जे तिथे दिसत नाही त्याची वजावट मिळत नाही. चूक दुरुस्त करायची मुदत होती ३० नोव्हेंबर. मी उघडकीला आणली डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. व्यापारी भला माणूस, हळहळला, दोन रीम कागद भेट म्हणून पाठवले. चूक त्याची होती हे खरं. पण दर महिन्याला २-बी माझ्या बिलांशी ताडून बघितलं असतं तर ती पहिल्याच बिलाला सापडली असती. ३१,६८० रुपये म्हणजे आमच्याकडे किती व्हिजिटिंग कार्डं, हा हिशेब मी करून बघितला होता. तो इथे देत नाही.

अण्णांना सांगितलं नाही. सांगितलं संक्रांतीला. वासी उत्तरायणला, म्हणजे पतंगांच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, मांजलपूरच्या आमच्या गच्चीवर सगळे ‘काप्यो छे’ ओरडत होते आणि मी खाली खोलीत तो डबा ओतून बसलो होतो. अण्णा जिन्यानं हळूहळू खाली आले, समोर बसले. आकडा ऐकून काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “रोज बसत नाहीस ना?” मी म्हटलं, “वेळ मिळत नाही.” ते म्हणाले, “मिळायचा नसतोच. मी मशीन बंद करायचो.”

दुसऱ्या दिवशी मंगळ बाजाराच्या बाजूला जाऊन एक लांबडी बांधीव वही आणली. छापखान्याच्या मालकानं विकतची वही आणली म्हणून दुकानदार गालात हसला. पण स्वतः बांधली असती तर पान घालण्या-काढण्याची कला मला येते, हे मला ठाऊक होतं.

तेव्हापासून नऊला मशीन बंद. गिऱ्हाईक आत असलं तरी. वीस मिनिटं लागतात. गल्ल्यात रोज सकाळी बरोबर २,००० ठेवतो, सुट्ट्या पैशांसकट. त्यावरची रोख रात्री पाकिटात आणि सकाळी बँकेत. आमचं खातं अण्णांच्या वेळेपासून बँक ऑफ बडोदात आहे, जी सयाजीराव महाराजांनी १९०८ साली इथेच मांडवीत सुरू केली. आता तिथे धंद्याचं चालू खातं वेगळं उघडलं आणि क्यूआर त्याला जोडला. घरखर्चासाठी एक तारखेला ठरलेली रक्कम स्वतःला पाठवतो, त्याचं नाव ‘उचल’. महिना संपायच्या आत ती संपली तर बायकोकडून उसने घेतो. ती लिहून ठेवते. तिची वही माझ्यापेक्षा नीट आहे.

टॅली सोडलेलं नाही. रविवारी सकाळी वहीवरून टॅलीत चढवतो, पूर्वी मेहताजी कीर्दीवरून खतावणी करायचे तसंच. महिन्याची चौदा तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केलेली असते, कारण त्या दिवशी २-बी तयार होतं आणि वीस तारखेच्या आत एकेक बिल समोर ठेवून खूण करायला सहा दिवस मिळतात. पहिल्याच महिन्यात एक शाईचं बिल गायब निघालं. फोन केला, पुढच्या महिन्यात आलं. बाकी बँकेचा ताळा वगैरे महिनाअखेरीला होतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मजा आली ती लिहायला लागल्यावर जे दिसू लागलं त्याची. टेम्पो, उदाहरणार्थ. एका महिन्यात मकरपुऱ्याला अकरा फेऱ्या झाल्या होत्या, २५० प्रमाणे २,७५०, आणि एकाही बिलात वाहतूक लावलेली नव्हती. आता मंगळवार आणि शुक्रवार असे दोनच दिवस माल जातो. किंवा कातरण. कटिंग मशीनखालची कागदाची कातरण रद्दीवाला किलोवर घेऊन जातो आणि ते पैसे चहा-नाश्त्यात कुठेतरी विरायचे. लिहायला लागलो तर महिन्याला साधारण १,४०० निघाले. अण्णांच्या जुन्या चोपड्यात बघितलं, ‘कातरण खाते’ म्हणून वेगळं पान आहे!

उधारी शनिवारी. मेहताजींचा वार म्हणून शनिवार ठेवला. त्या दिवशी साठ दिवसांवरची सगळी नावं एका कागदावर काढतो आणि चहा घेऊन फोनला बसतो. सगळ्यात अवघड नावं कारखान्यांची नसतात. कारखान्यांना निदान कायद्याचा धाक आहे: आमच्यासारख्या नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर तो खर्च त्या वर्षी त्यांना आयकरात धरता येत नाही. हा नियम पहिल्यांदा लागू झाला त्या मार्चमध्ये, २०२४ साली, एका कारखान्याच्या अकाउंट्समधून स्वतःहून फोन आला की तुमचं किती बाकी आहे. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा! मी वही उघडली आणि फोन ठेवायच्या आत आकडा सांगितला, बिलांच्या तारखांसकट. डब्याच्या काळात मी म्हणालो असतो, बघून सांगतो.

अवघड नावं म्हणजे आपली माणसं. बडोद्यात गणपती केवढ्या थाटात बसतात ते इथल्यांना सांगायला नको. जुलैपासून मंडळांची पावतीपुस्तकं सुरू होतात, नंबर घातलेली, टिकलीच्या रेघेवर फाडता येतील अशी. वर्गणी जमते पुस्तकांवरच, पण पुस्तकांचे पैसे विसर्जनाबरोबर पाण्यात जातात. गेल्या वर्षीपासून निम्मे आगाऊ असं ठरवलं. एका मंडळाचे कार्यवाह आमचे काकाच. ते दुकानात सगळ्यांसमोर म्हणाले, “म्हणजे आता तू गणपतीकडूनसुद्धा आगाऊ घेणार?” मी म्हटलं, “काका, गणपतीनं कधी उधारी ठेवली नाही, मंडळानं ठेवली.” दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाकीट पाठवलं, त्यात निम्मे, आणि वर एक रुपया शकुनाचा. तो रुपया वहीत वेगळा लिहावा लागला.

सगळंच जमतं असं नाही. त्याच गणपतीत सलग नऊ दिवस वही उघडली नाही. पावतीपुस्तकं, मग नवरात्रातल्या गरब्याच्या पासांच्या चौकशा, त्यात नंबरिंगचं चाक अडकलेलं. दहाव्या दिवशी बसलो तर २,३२० चा फरक. यूपीआयचं सगळं सापडलं, कारण तिथे नाव आणि वेळ असते. रोखीचं काही सापडलं नाही. शंभराच्या नोटेवर काय लिहिलेलं असणार? उचंत खात्यात टाकले, आणि ते अजून तिथेच आहेत. अण्णांच्या अख्ख्या चोपड्यांत मी उचंत शोधलं. तीनदा सापडलं, आणि तिन्ही वेळा पुढच्या पानावर खोडून खरं कारण लिहिलेलं.

काल घरी पोचलो तेव्हा अण्णा जागेच होते. त्यांना आता आकडे नीट दिसत नाहीत, पण मी आल्याशिवाय झोपत नाहीत. पलंगावरूनच विचारलं, “मेळ बसला?”

“नव्वद कमी आहेत.”

“कुणी नेले?”

“आठवत नाही. उचंत टाकलेत.”

अण्णांनी कूस बदलली. मला वाटलं झोपले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “मशीनवरच्या मुलाला विचारलंस का?”

विचारलं नव्हतं. आज सकाळी शटर वर करताना विचारलं. तो म्हणाला, “भाऊ, नंबरिंगला तेल नव्हतं ना, तुम्हीच म्हणालात गल्ल्यातून घे. दहा परत ठेवलेत मी.” शंभराची नोट नेली, नव्वदचं तेल आणलं.

कालच्या पानावर ‘उचंत’ खोडलं आणि वर लिहिलं, तेल. आठ वाजता अण्णांना फोन केला.